शक्यतो

दादाच्या अर्जांमधला एक शब्द मला लहानपणापासून पाठ आहे. आमच्या तालुक्याच्या एका सरकारी कचेरीसमोर लिंबाच्या झाडाखाली बसून तो गेली तीसेक वर्षं लोकांचे अर्ज लिहून देतो. आधी हातानं, मग टाइपरायटरवर, आता लॅपटॉपवर. उताऱ्याचा अर्ज असो की दाखल्याचा, शेवट ठरलेला असतो: ‘तरी शक्यतो लवकर दाखला मिळावा, ही नम्र विनंती.’ कचेरी पहिल्या मजल्यावर आहे. सतरा पायऱ्या. दादाला दीड वर्षाचा असताना पोलिओ झाला. डाव्या पायात कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या धातूच्या पट्ट्या, काखेत कुबड्या. त्यानं लिहिलेले हजारो अर्ज त्या पायऱ्या चढून गेले. तो स्वतः चार-पाच वेळा गेला असेल, तेही कुणाच्या तरी खांद्याचा आधार घेऊन.

‘शक्यतो’ या शब्दाकडे मी नीट पाहिलं ते मात्र घानात.

२०१९ ते २०२२ अशी तीन वर्षं आम्ही टेमाला होतो. टेमा म्हणजे राजधानी आक्राच्या शेजारचं बंदर. तिथून व्होल्टा नदीच्या काठावरच्या म्पाकाडानपर्यंत ९७ किलोमीटरचा नवा रेल्वेमार्ग होत होता. काम भारतीय कंपनीकडे होतं आणि माझा नवरा त्यावर इंजिनिअर होता. टेमा हे आखून वसवलेलं शहर. वस्त्यांना नावं नाहीत, आकडे आहेत: कम्युनिटी वन, कम्युनिटी टू, असे. कम्युनिटी वनच्या बाजारामागे, एका जुन्या जहाजी कंटेनरला खिडक्या कापून केलेल्या दुकानात मी ब्लाउज शिवायला टाकायला गेले. शिवणाऱ्या बाई मशीनच्या बाजूला उभ्या होत्या. मला बसायला सांगून त्या स्वतः बसायला लागल्या आणि बसण्याआधी खट् असा आवाज झाला.

तो आवाज मला झोपेतही ओळखू येईल. कॅलिपर घातलेला माणूस बसण्याआधी गुडघ्याजवळची कडी वर ओढतो, तेव्हा तो होतो. आमच्या घरात दादा आल्याची खूण तीच. आई स्वयंपाकघरातून तो आवाज ऐकून ताट वाढायला घ्यायची. मी त्या बाईंच्या पायाकडे पाहिलं आणि त्यांनी मला पाहताना पाहिलं. ‘माझ्या मोठ्या भावालाही आहे,’ मी म्हणाले. त्यांनी क्षणभर विचार केला आणि विचारलं, ‘उजवा की डावा?’

आमची ओळख झाली ती अशी. त्या माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या. तिथल्या पद्धतीप्रमाणे मी त्यांना ‘आंटी’ म्हणू लागले, त्या मला ‘सिस्टर’. हाताखाली शिकाऊ मुली तीन-चार. लग्नाचे, अंत्यविधीचे, चर्चचे कपडे शिवायच्या. अंत्यविधीला घानात सगळं घराणं एकाच कापडाचे कपडे शिवतं, त्यामुळे ते काम मोठं असतं. गळ्यात कायम मापाची टेप. आणि मशीनच्या खणात एक वही, जिच्यात गिऱ्हाइकांची मापं नव्हती.

त्या वहीत पायऱ्या होत्या.

म्हणजे असं. घानाच्या संसदेनं २००६ साली अपंग व्यक्तींचा कायदा केला, कायदा क्रमांक ७१५. त्यात लिहिलं होतं की जिथे जिथे लोकांची ये-जा आहे अशा इमारतींच्या मालकांनी दहा वर्षांच्या आत त्या अपंगांना वापरता येतील अशा करायच्या. आंटी तेव्हा तिशीत होत्या. अपंगांच्या संघटनेच्या बैठकीत त्यांनी हे ऐकलं आणि घरी येऊन आपल्याला जावं लागतं त्या सगळ्या जागांची यादी केली. बँक, पोस्ट, दवाखाना, चर्च, मुलाची शाळा, औषधाचं दुकान, कापडाचे व्यापारी. प्रत्येकापुढे पायऱ्यांची संख्या आणि एका पायरीची उंची, टेपनं मोजून. उतार झाला की त्यापुढे बरोबरची खूण करायची, असं ठरवलं. ‘दहा वर्षांत वही संपेल असं वाटलं होतं,’ त्या म्हणाल्या. २०१६ साली मुदत संपली तेव्हा खुणा एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. मी ती वही पाहिली २०१९ मध्ये. तोवर त्यात नव्या बांधलेल्या इमारतीही आल्या होत्या, नव्या पायऱ्यांसकट.

हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. एखाद्या गिऱ्हाइकाकडची बाकी सांगावी तसं सांगितलं. पण मला मात्र तो दिवसभर जेवण गेलं नाही. दहा वर्षं ही मुदत इमारतीला दिली होती. इमारतीला दहा वर्षांनी काही होत नाही. माणूस तिशीचा चाळिशीचा होतो, खांदे झिजतात, कुबड्यांवर आयुष्यभर भार देऊन मनगटं दुखायला लागतात. दादाचे खांदे पन्नाशीतच गेले. वाट कुणी पाहायची हे ज्यांनी ठरवलं, त्यांना वाट पाहावी लागणार नव्हती.

मी घरी येऊन घानाची राज्यघटना वाचली. १९९२ ची आहे. २९ वं कलम पूर्ण अपंगांच्या हक्कांचं आहे आणि मला ते वाचून हेवा वाटला, इतकं स्पष्ट आहे. अपंगाला आपल्या कुटुंबात राहण्याचा हक्क आहे, त्याचं शोषण करणारी, त्याला कमी लेखणारी वागणूक चालणार नाही. मग सार्वजनिक जागांचा मुद्दा येतो, आणि तिथे इंग्रजीत जे शब्द आहेत त्यांचा मराठीत एकच शब्द होतो. लोकांची ये-जा असलेल्या प्रत्येक जागी अपंगांसाठी योग्य सोय असावी, शक्यतो.

दादाचा शब्द.

मग मी आपल्याकडचं काढलं. आपल्या घटनेचं ४१ वं कलम: बेकारी, म्हातारपण, आजारपण, विकलांगता यांत राज्यानं मदत करावी, ‘आपल्या आर्थिक क्षमतेच्या आणि विकासाच्या मर्यादेत’. १९९५ साली अपंगांचा पहिला मोठा कायदा झाला. त्यात रेल्वे, बस, रस्ते, इमारती यांच्या कलमांत पुन्हा तीच मर्यादा. दोन देश, दोघेही इंग्रजांच्या राज्यातून सुटलेले, दोघांच्याही कायद्यांनी नेमक्या पायरीपाशी आवाज खाली आणलेला. खुनाच्या शिक्षेत ‘शक्यतो’ नसतं. कर भरायच्या कलमातही नसतं.

गरीब देशाला सगळं एकदम जमत नाही, हे मला मान्य आहे. आक्रा-टेमात रस्त्याकडेनं उघडी गटारं आहेत, कमरेइतकी खोल सुद्धा. त्यांवर फळ्या टाकून लोक दुकानात जातात. पदपथ असला तरी त्यावर विक्रेते बसलेले, आणि त्यांनाही पोट आहे. ट्रोट्रो म्हणजे तिथली वडापसारखी मिनीबस. दारात ‘मेट’ उभा राहून ठिकाणांची नावं ओरडतो आणि भरली की गाडी सुटते. आंटींना बघून ट्रोट्रो थांबायची नाही, कारण त्यांना चढायला वेळ लागतो. थांबलीच तर त्यांच्या हातानं चालवायच्या तीनचाकीचं वेगळं भाडं, पोत्यासारखं. या सगळ्याला खरोखर पैसा लागतो. पण त्यांच्या वहीतली औषधाच्या दुकानाची एक पायरी सहा इंचांची होती. एक इंच चढाला एक फूट लांबीचा उतार, हा हिशेब त्यांना तोंडपाठ होता. सहा फुटांचं सिमेंट. त्याला विकासाची कोणती मर्यादा आड येत होती?

तिथे राहून मला आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांना कुणी जागा दिली नाही त्यांनी ती हातांवर चालून घेतली. आक्रात पोलिओ झालेली मुलं छोट्या चाकांच्या फळीवर बसून फुटबॉल खेळतात. स्केट सॉकर म्हणतात. तळहातांनी जमीन ढकलायची आणि हातानंच चेंडू मारायचा. त्यांतले पुष्कळजण दिवसा सिग्नलला भीक मागतात. दुपारच्या उन्हात गाड्यांच्या चाकांच्या उंचीवरून हात वर करणारा मुलगा संध्याकाळी चेंडूमागे धावतो, धावतो हेच त्याचं क्रियापद, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. घानात रानटी विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रुग्ण २००८ मध्ये सापडला, आपल्याकडे २०११ मध्ये. म्हणजे त्या मैदानावरची आणि दादाच्या बरोबरीची पिढी ही बहुधा त्या विषाणूची शेवटची. तिच्यासाठी आता काही बांधायची गरज नाही असं कुणाच्या मनात येत असेल, अशी मला भीती वाटते.

इमॅन्युएल ओफोसू येबोआ यांचं नाव तिथे पोराटोरांना माहीत. १९७७ चा जन्म, उजवा पाय जन्मतःच अधू. आईनं पाठीवर घेऊन शाळेत नेलं. आक्रात भीक मागून जास्त पैसे मिळाले असते, पण त्यांनी बूटपॉलिश केलं. मग २००१-०२ मध्ये एका पायानं सायकल मारत घानाच्या आरपार सहाशेच्या आसपास किलोमीटर गेले. अंगात टीशर्ट, त्यावर ‘पोझो’. पोझो म्हणजे आपल्याकडचा लंगड्या, तोच तिरस्कार, तीच शिवी. ती छातीवर लिहून ते गावोगाव थांबले, मुलांशी, मुखियांशी, पुढाऱ्यांशी बोलले. २००६ च्या कायद्यात अपंगाला त्याच्या अपंगत्वावरून हिणवणारं नाव घेणं हा गुन्हा आहे. आंटी म्हणाल्या की कायद्यानं तोंडं बंद झाली असं नाही, पण बाजारात एका पोरानं तो शब्द काढला तर दुसरा त्याला म्हणाला, ‘गप, पोलीस धरतील.’ त्या हे सांगताना हसत नव्हत्या. त्यांना तो फरक मोठा वाटत होता. मलाही वाटतो. लंगडा, पांगळा, अपंग, विकलांग, दिव्यांग, असे इतके शब्द दादानं आपल्या हयातीत स्वतःच्या दाखल्यावर बदलताना पाहिले. त्यांतला एकही त्याला पायऱ्या चढवून घेऊन गेला नाही. तरी शिवी ती शिवीच.

आदामोरोबेला मी आंटींच्या भाच्याबरोबर गेले. आक्राच्या उत्तरेला आक्वापिमची डोंगररांग सुरू होते, तिच्या पायथ्याशी शेतकऱ्यांचं हे गाव. पिढ्यान्‌पिढ्या इथे आनुवंशिक बहिरेपण आहे, सर्वसाधारण प्रमाणाहून कितीतरी पटीनं जास्त. आजूबाजूचे लोक त्याला ‘मुमु कुरो’ म्हणत आले, मुक्यांचं गाव. या गावाची स्वतःची खुणांची भाषा आहे. ती कुणी शाळेत शिकवलेली नाही. गावात उगवली आणि गावातच पिढीकडून पिढीकडे गेली.

रस्त्याकडेला कसावा आणि हिरवी केळी घेऊन एक बाई बसल्या होत्या. ऐकू येणाऱ्या. समोर एक बहिरे शेतकरी, खांद्यावर कोयता. दोघांची घासाघीस चालली होती. हात, भुवया, गाल, मान, सगळं बोलत होतं. बाई एकाच वेळी तोंडानं शेजारणीशी ट्वी भाषेत आणि हातांनी त्यांच्याशी. भाव जमला नाही. ते पाठ फिरवून निघाले, बाईंनी केळ्याच्या सालीचा तुकडा त्यांच्या पाठीवर मारला, ते वळले, दोघं हसली आणि सौदा झाला. मी भाच्याला विचारायला लावलं की ही भाषा तुम्ही कुठे शिकलात. बाईंना प्रश्नच कळेना. दोनदा विचारल्यावर म्हणाल्या, ‘शिकायची काय? आईबरोबर इथेच बसायचे.’

मी तिथे बराच वेळ उभी राहिले. समावेश, सर्वसमावेशक, सामाजिक एकात्मता असे शब्द आपण सभांमध्ये वापरतो. त्यांतलं जे हवं आहे ते सगळं त्या केळ्यांच्या सौद्यात होतं. बहिऱ्यानं ऐकायला शिकायचं नव्हतं. गावानं हात हलवायला शिकलेलं होतं.

पण गोष्ट इतकी गोड नाही. १९७५ साली इथल्या मुखियानं नियम केला की बहिऱ्या बाईनं आणि बहिऱ्या पुरुषानं एकमेकांशी लग्न करायचं नाही. गावात बहिरी मुलं कमी व्हावीत म्हणून. ज्या गावानं त्यांच्याशी बोलायला भाषा घडवली, त्याच गावानं त्यांच्या घरात पाळणा हलू नये असं ठरवलं. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि मला अजून त्या शेजारी ठेवून शांतपणे बघता येत नाहीत.

आणखीही एक. डोंगरावर माम्पोंगला बहिऱ्या मुलांची निवासी शाळा आहे. घानात बहिऱ्यांचं शिक्षण सुरू केलं अँड्र्यू फॉस्टर यांनी, १९५७ साली, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी. ते कृष्णवर्णीय अमेरिकन, अकराव्या वर्षी बहिरे झालेले. गॅलॉडेट या वॉशिंग्टनच्या बहिऱ्यांच्या महाविद्यालयातून १९५४ मध्ये पदवी घेणारे पहिले कृष्णवर्णीय. १९८७ मध्ये रुआंडात विमान अपघातात जाईपर्यंत त्यांनी आफ्रिकेतल्या १३ देशांत ३२ शाळा उभ्या केल्या. एवढं काम एका माणसाचं. त्यांच्याबरोबर अमेरिकन खुणांची भाषा आली आणि तीच घानाची झाली. आदामोरोबेची मुलं माम्पोंगच्या शाळेतून ती घेऊन परत येतात आणि आजोबांच्या खुणा विसरत चालली आहेत. शाळा हवीच. माझ्या भावाला शाळेत पाठवायचं की नाही यावर आमच्या घरात जे वाद झाले ते मला आठवतात, म्हणून मी शाळेविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. पण केळीवाल्या बाईंची नात उद्या बाजारात बसली तर शाळेतून आलेल्या मुलाशी कुठल्या हातांनी बोलेल, हा विचार जात नाही.

धृतराष्ट्राला आंधळा म्हणून गादी नाकारली, हे आपल्याला लहानपणीच कळतं आणि आपण पुढे वाचत जातो. घानातल्या अकान लोकांत मुखिया ‘स्टुला’वर, आसनावर, बसतो आणि परंपरा सांगते की त्याच्या देहात व्यंग असू नये. त्या देशात २०१३ साली हेन्री सेइडू डानाआ मंत्री झाले, देशातले पहिले अंध मंत्री. खातं कुठलं, तर मुखिया आणि परंपरांचं. ज्या आसनावर रूढीनं त्यांच्यासारख्याला बसू दिलं नसतं, त्या आसनांचा कारभार त्यांच्याकडे आला. आंटींनी त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातला फोटो कंटेनरच्या आतल्या पत्र्यावर चिकटवला होता. मी गेले तोवर तो पिवळा पडला होता.

साखळ्यांबद्दल थोडंच लिहिते. मनोरुग्णांना प्रार्थनेच्या छावण्यांत झाडाला, जमिनीला साखळीनं बांधून ठेवतात, बरं होण्यासाठी उपाशी ठेवतात. घानात २०१२ मध्ये मानसिक आरोग्याचा कायदा झाला, पुढे काही छावण्यांतून माणसं सोडवलीही, तरी ते संपलेलं नाही. वाचून कुणी ‘आफ्रिका’ म्हणून मान हलवू नये. तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांच्या एका निवासात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा २८ माणसं जळून गेली, कारण ती साखळ्यांनी बांधलेली होती.

७ डिसेंबर २०२० ला घानात मतदान होतं. आंटी मला बघायला घेऊन गेल्या. शाळेच्या आवारात मांडव, पुठ्ठ्याचा आडोसा, प्लास्टिकच्या खुर्च्या. सगळं उघड्यावर, जमिनीच्या पातळीला. म्हाताऱ्यांना, गरोदर बायकांना, आंटींना रांगेत पुढे घेतलं. दृष्टिहीन मतदारांसाठी तिथे मतपत्रिकेवर बसवायची स्पर्शाची पट्टी असते. २००२ पासून घानानं ती वापरात आणली आहे, म्हणजे अंध माणूस आपलं मत कुणाला न सांगता देऊ शकतो. आंटी बोटाची शाई वाळवत बाहेर आल्या. ‘बघ,’ म्हणाल्या, ‘आज एकही पायरी लागली नाही.’ वही त्यांनी आणलीच नव्हती.

आम्ही २०२२ च्या जूनमध्ये परतलो. आपल्या २०१६ च्या नव्या कायद्यानं जुन्या सार्वजनिक इमारतींना पाच वर्षांची मुदत दिली होती, नियम निघाल्या दिवसापासून. नियम निघाले जून २०१७ मध्ये. मी गावी पोचले त्याच महिन्यात ती मुदत संपली होती. दादाला हे मी सांगितलं नाही, त्यानंच मला सांगितलं. तारखा त्याच्या डोक्यात असतात. आंटींच्या वहीबद्दल मी त्याला फोनवर वेळोवेळी सांगत आले होते. त्यानं काही न बोलता ड्रॉवरमधून आईची शिवणाची टेप काढून माझ्या हातात दिली.

मी मोजलं. एक पायरी साडेसहा इंच. सतरा पायऱ्या, एकशे साडेदहा इंच. तेवढ्या चढाला एकशे दहा फुटांहून लांब उतार लागेल, तेवढं तर कचेरीचं आवारही नाही. मग दादानं लॅपटॉप उघडला आणि स्वतःच्या नावानं अर्ज लिहिला. माझ्या माहितीत पहिल्यांदाच. तळमजल्यावर, जिथे आता मोडकी कपाटं ठेवली आहेत तिथे, अर्ज घेण्याची आणि दाखले देण्याची एक खिडकी सुरू करावी. कायद्याचं कलम, मुदतीची तारीख, पायऱ्यांची मापं. शेवटच्या ओळीपाशी तो थांबला. मग लिहिलं, ‘तरी ३० दिवसांत खिडकी सुरू करून लेखी कळवावे, ही नम्र विनंती.’ त्याच्या नेहमीच्या ओळीतला तो शब्द त्यानं घातला नव्हता. ‘नम्र’ ठेवला होता.

अर्ज घेऊन मी वर गेले. पोच घेऊन खाली आले. दादानं शिक्का नीट पाहिला, पोच घडी घालून खिशात ठेवली. अर्जाचा आणि पायऱ्यांचा फोटो मी व्हॉट्सअ‍ॅपवर आंटींना पाठवला, मापं इंग्रजीत लिहून. टेमात तेव्हा सकाळचे नऊ-साडेनऊ वाजले असतील, दुकान नुकतंच उघडलं असेल. दहा मिनिटांत उत्तर आलं. ‘तळमजल्याच्या दाराची रुंदी लिहिली नाहीस. चाकांची खुर्ची आत जाईल का?’

दादानं टेप पुन्हा माझ्या हातात दिली.